बंदूक कमरेला, जबाबदारी कुणाची?

कोर्ट म्हटलं की आपल्याला काय आठवतं? काळा कोट, फायलींचे ढीग आणि पुढची तारीख! पण अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात सरकारी वकिलाच्या कोटाआड पिस्तूलही असू शकतं, तेसुद्धा अगदी कायदेशीर. तिथे सामान्य माणसाला कोर्टात शस्त्र नेता येत नाही. लायसन्स असलेल्या जजना आणि सरकारी वकिलांना मात्र सूट आहे.

मित्रांनो, यात हसण्यासारखं काही नाही. जानेवारी २०१३ मध्ये टेक्सासच्या कॉफमन काउंटीत मार्क हॅसे या सरकारी वकिलांना कोर्टाजवळ, भर सकाळी गोळ्या घालून मारलं. दोनच महिन्यांनी त्यांचे वरिष्ठ माइक मॅक्लेलंड आणि त्यांच्या पत्नीचा राहत्या घरात खून झाला. खुनी कोण, तर या दोघांनी चोरीचा खटला चालवून ज्याचा गुन्हा सिद्ध केला होता तो एक माजी न्यायाधीश! अशा ठिकाणी काम करणाऱ्यांनी बंदूक मागितली तर त्यांना भित्रं कसं म्हणायचं?

पण प्रश्न पुढेच आहे. मॅक्लेलंड स्वतः माजी सैनिक. हॅसे गेल्यावर ते बंदूक कायम जवळ ठेवत होते. तरी वाचले नाहीत, कारण वेळ आणि जागा नेहमी हल्लेखोर ठरवतो.

आणि कोर्टाच्या आत? मार्च २००५ मध्ये अटलांटाच्या कोर्टात ब्रायन निकोल्स या आरोपीने सोबतच्या एकट्या गार्डला जखमी केलं, तिचंच पिस्तूल मिळवलं आणि जज रोलंड बार्न्स व कोर्ट रिपोर्टरला ठार केलं. ट्रेनिंग घेतलेल्या गार्डचं शस्त्र जर असं हातचं जातं, तर दिवसभर कागदांत डोकं घातलेल्या वकिलाचं किंवा क्लार्कचं काय?

वर्कशॉपमध्ये मशीनला गार्ड बसवायचा की कामगाराला नुसतं "जपून हात घाल" सांगायचं? आपण फर्स्ट इयरलाच शिकतो की आधी मशीन सेफ करा. तसंच इथे. बाहेर, जिवाला धोका असेल तर लायसन्स जरूर द्या. पण कोर्टात शस्त्र फक्त गार्डकडेच असावं, आरोपीसोबत पुरेशी माणसं असावीत, आणि धमकी आलेल्या वकिलाच्या घराला सरकारने पहारा द्यावा.

नाहीतर "तुला बंदूक दिली ना, मग आता तुझं तू बघ" असं म्हणायला सरकार मोकळं! याला सुरक्षा म्हणायचं का? मला तरी पटत नाही. तुम्हाला?