‘आणखी एक हेलिकॉप्टर’: तबसच्या वाळवंटातील एक दंतकथा

१/१५
ऑगस्ट २०१५. कर्करोगाचे निदान जाहीर करण्यासाठी नव्वद वर्षांचे जिमी कार्टर पत्रकारांसमोर आले. कशाची खंत वाटते, या आशयाचा प्रश्न आला. त्यांच्या उत्तराचा सारांश असा: आणखी एक हेलिकॉप्टर पाठवायला हवे होते, ओलीस सुटले असते आणि फेरनिवडही झाली असती.

२/१५
हे उत्तर इतिहासप्रेमींच्या वर्तुळात आज जवळजवळ सिद्धान्त म्हणून फिरते. एका यंत्राने घात केला, अन्यथा विजय निश्चित होता! परंतु एखाद्या वृद्ध नेत्याची प्रामाणिक खंत हा पुरावा नव्हे. तेहरान ओलीस प्रकरणातील घटनाक्रमच या सिद्धान्ताविरुद्ध साक्ष देतो.

३/१५
२२ ऑक्टोबर १९७९ रोजी पदच्युत शाह उपचारांसाठी न्यूयॉर्कला पोहोचले. ४ नोव्हेंबरला विद्यार्थ्यांच्या जमावाने तेहरानमधील अमेरिकी दूतावास ताब्यात घेतला. दोनच दिवसांत बाझरगान यांचे मवाळ सरकार पायउतार झाले. तेरा जणांना त्याच महिन्यात व एका आजारी माणसाला पुढील जुलैत सोडण्यात आले. उरलेल्या ५२ जणांची कैद ४४४ दिवसांची ठरली.

४/१५
हा राग आकाशातून पडलेला नव्हता. तेलाचे राष्ट्रीयीकरण करणारे पंतप्रधान मोसाद्देक यांना ऑगस्ट १९५३ मध्ये अमेरिकी व ब्रिटिश गुप्तचर यंत्रणांच्या कारस्थानाने हटवण्यात आले आणि शाहची सत्ता निरंकुश झाली. तेव्हाही शाह देश सोडून गेले होते आणि परत आणले गेले होते. १९७९ मध्ये इराणी तरुणांना तीच पुनरावृत्ती दिसत होती.

५/१५
मात्र कारण सांगणे म्हणजे समर्थन करणे नव्हे. ‘दूत अवध्य असतो’ हे रामायणात बिभीषण रावणाला सांगतो. १९६१ च्या व्हिएन्ना कराराने तेच तत्त्व कायद्याच्या भाषेत मांडले. २४ मे १९८० रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने इराणला दोषी ठरवले. जुना अन्याय खरा होता. म्हणून नवा अन्याय न्याय्य ठरला नाही.

६/१५
आता ती रात्र, २४ एप्रिल १९८०. ‘निमित्झ’ या विमानवाहू नौकेवरून आठ हेलिकॉप्टरे निघाली. ओमानच्या मसीरा बेटावरून सी-१३० विमाने कमांडो व इंधन घेऊन आली. भेटीचे ठिकाण तबसजवळचे वाळवंट, सांकेतिक नाव ‘डेझर्ट वन’. पुढच्या टप्प्यासाठी किमान सहा हेलिकॉप्टरे आवश्यक मानली होती.

७/१५
एक हेलिकॉप्टर पात्याच्या बिघाडाच्या इशाऱ्यामुळे वाटेतच सोडावे लागले. दुसरे धुळीच्या ढगातून माघारी फिरले. तिसरे पोहोचले, पण त्याची हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाली होती. उरली पाच. मोहीम रद्द झाली. परतीच्या गडबडीत एक हेलिकॉप्टर सी-१३० वर आदळले. आठ अमेरिकी सैनिक मृत्युमुखी पडले.

८/१५
हे केवळ दुर्दैव होते काय? ॲडमिरल हॉलोवे यांच्या आयोगाने चौकशी केली. संपूर्ण मोहिमेची एकत्रित रंगीत तालीम कधी झालीच नव्हती. माघारी फिरलेल्या वैमानिकाला पुढे आकाश निरभ्र आहे हेही ठाऊक नव्हते, कारण रेडिओवर मौन होते. गुप्ततेने शत्रूला अंधारात ठेवले, तसेच आपल्याच माणसांनाही.

९/१५
हेलिकॉप्टरे अधिक हवी होती, असे आयोगाचेही मत होते. ते मान्यच. समजा, सहावे होते, पुढे काय? तेहरानजवळच्या डोंगरांत दिवसभर दडून राहणे, रात्री ट्रकांतून लाखोंच्या शहरात शिरणे, दूतावासावर हल्ला, ओलिसांना शेजारच्या क्रीडांगणात नेणे, तेथून मंझरियेह विमानतळ, मग उड्डाण. तबस ही पहिली पायरी होती. दंतकथा तिलाच कळस समजते.

१०/१५
येथे एन्टेबीचा दाखला हमखास पुढे येतो. जुलै १९७६ मध्ये इस्रायली सैनिकांनी युगांडातून शंभराहून अधिक ओलीस सोडवले, हे खरे. पण तेथे ओलीस विमानतळाच्याच इमारतीत होते; विमान उतरले ते त्यांच्या दारात. तेहरान समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, क्रांतीने पेटलेले शहर. दोन्ही मोहिमा एकाच तराजूत तोलणे म्हणजे नकाशा न पाहता इतिहास लिहिणे.

११/१५
हा धोका आधीच ओळखणारा माणूस मंत्रिमंडळात होता. परराष्ट्रमंत्री सायरस व्हान्स यांचे म्हणणे असे की, मोहिमेत ओलिसांचे प्राण जातील. यशस्वी झाली तरी तेहरानमधील इतर अमेरिकी नागरिक धरले जातील. त्यांनी राजीनामा मोहिमेपूर्वीच दिला. जाहीर झाला नंतर. निकाल पाहून शहाणे झालेल्यांत त्यांची गणना करता येत नाही.

१२/१५
मोहीम फसल्यावर ओलिसांना इराणभर वेगवेगळ्या ठिकाणी विखरून ठेवण्यात आले. मग ते सुटले कसे? सप्टेंबर १९८० मध्ये खोमेनींनी चार अटी मांडल्या, इराकने त्याच महिन्यात आक्रमण केले, गोठवलेल्या अब्जावधी डॉलरांची इराणला निकड भासली. अल्जीरियाने मध्यस्थी केली आणि १९ जानेवारी १९८१ रोजी अल्जिअर्स करार झाला.

१३/१५
‘रेगनच्या धाकाने सोडले’ हे दुसरे लाडके विधान. २० जानेवारीला रेगन यांचा शपथविधी झाला आणि काही मिनिटांतच ओलिसांचे विमान निघाले, हे खरे. पण करार कार्टर यांच्याच कारकिर्दीत पूर्ण झाला होता. तो मुहूर्त कार्टर यांचा अखेरचा अपमान होता. त्याला रेगन यांचा पराक्रम म्हणता येणार नाही.

१४/१५
दबावाविना वाटाघाटी फळल्या, असा भाबडा दावा येथे नाही. निर्बंध, गोठवलेला पैसा, युद्ध या साऱ्यांचे वजन होते. पण हिशेब स्पष्ट आहे. शस्त्राच्या वाटेने एकही ओलीस सुटला नाही आणि आठ सैनिक गेले. कंटाळवाण्या, अपमानास्पद, चौदा महिने रेंगाळलेल्या वाटेने सर्व ५२ जण जिवंत घरी परतले.

१५/१५
त्या मध्यस्थीचे सूत्रधार होते अल्जीरियाचे परराष्ट्रमंत्री मोहम्मद सेद्दीक बेनयाहिया. ३ मे १९८२ रोजी, इराण-इराक युद्ध थांबवण्याच्या खटपटीत असताना, त्यांचे विमान पाडले गेले. न पोहोचलेल्या हेलिकॉप्टरांची संख्या अनेकांना तोंडपाठ असते. ५२ माणसांना घरी पोहोचवणाऱ्याचे नाव मात्र फारच थोड्यांना. ‘आणखी एक हेलिकॉप्टर’ ही दंतकथा टिकते ती याच विस्मृतीच्या आधारावर.