आवाज दारातून गळतो

चार चाकं : दर रविवारी

गेल्या महिन्यात आर्वीच्या एका वाचकाचा फोन आला. त्यांच्याकडे सेकंडहँड घेतलेली छोटी हॅचबॅक आहे, सात-आठ वर्षांची. आईला घेऊन ते तळेगावमार्गे मोझरीला गुरुकुंजात जातात. आई मागच्या सीटवर बसतात आणि वाटेत त्यांना तुकडोजी महाराजांची भजनं लावून हवी असतात. "आवाजच पुरत नाही जी," ते म्हणाले. "डेक फुल केला तर फाटते, कमी केला तर आईले ऐकू येत नाही." दुकानात विचारलं तर मोठी टचस्क्रीन, चार स्पीकर, सीटखाली वूफर असा २५ हजारांचा हिशेब हाती आला. त्यांची तयारी दहा हजारांची होती. एवढ्यात काही होईल का, हा त्यांचा प्रश्न होता.

होईल, असं मी फोनवरच सांगितलं. पुढच्या रविवारी ते गाडी घेऊन वर्ध्याला आले आणि आम्ही दोघांनी मिळून पुढच्या दाराचं आतलं पॅनल उघडलं. त्या दारात जे दिसलं, ते आपल्या जिल्ह्यातल्या निम्म्याहून अधिक साध्या गाड्यांत दिसेल असं मला वाटतं. म्हणून आजचा लेख.

आधी वॅटचा विषय संपवतो, कारण फसगत तिथेच होते. डेकच्या खोक्यावर '५० वॅट गुणिले ४' असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. हा ५० आकडा येतो कुठून? गाडी चालू असताना बॅटरीला साधारण १४.४ व्होल्ट मिळतात आणि कारचा स्पीकर बहुधा ४ ओहमचा असतो. १४.४ चा वर्ग करा, ४ ने भागा. उत्तर ५१.८ येतं. म्हणजे आवाज पार फाटून त्याची लाट चौकोनी झाली, की जी ताकद निघते ती हे ५० वॅट. स्वच्छ आवाजासाठी त्या हिशेबाची वरची मर्यादाच २६ वॅटच्या आसपास आहे आणि प्रत्यक्षात डेकच्या आतली छोटी चिप १८ ते २२ वॅट देते. कंपनीतून आलेला डेक असो की बाजारातला नवा, आत चिप त्याच जातीची असते. म्हणून नुसती टचस्क्रीन बदलून आवाज वाढत नाही. स्क्रीनवर नकाशा दिसतो, मागचा कॅमेरा जोडता येतो, ते सगळं चांगलंच आहे. पण आवाजासाठी पैसे काढून ठेवलेल्या माणसाला स्क्रीन विकणं मला पटत नाही.

दुसरा हिशेब कानाचा. ताकद दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. 'दुप्पट मोठा झाला' असं कानाला वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट ताकद. २० वॅटचे ४० केले तर फरक कळतो, पण थोडाच. हे एकदा लक्षात आलं की माणूस वॅटच्या मागे धावणं सोडतो आणि आहे तो आवाज जातो कुठे, ते शोधू लागतो.

तो दारातून जातो. पॅनल काढल्यावर आतल्या पत्र्याला हाताचा पंजा सहज जाईल एवढाली भोकं होती, काच आणि कुलपाची दुरुस्ती करता यावी म्हणून ठेवलेली. त्यांच्यावर पातळ प्लास्टिकचा कागद, तोही एका कोपऱ्यात सुटलेला. स्पीकरचा कोन पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा ओढली जाते. दोन्ही लाटा एकमेकींच्या उलट असतात. मागची लाट भोकांतून बाहेर येऊन पुढच्या लाटेत मिसळली की दोघी एकमेकींना खातात आणि त्यात पहिला बळी जातो खर्जाचा. खंजिरी आणि डग्गा शेजारी ठेवून पाहा. खंजिरी मागून उघडी, म्हणून तिचा ठेका कडक आणि आखूड. डग्ग्याला खाली बंद भांडं आहे, म्हणून त्याचा आवाज घुमतो. कंपनीच्या दारात बसवलेला स्पीकर म्हणजे डग्ग्याची पुडी ताणून खंजिरीच्या कड्यावर बसवल्यासारखं. मग चालवणारा बास वाढवत जातो, तो मिळत नाही, आणि डेक मात्र फाटू लागतो.

ही भोकं बुजवायला ब्यूटाइलची डँपिंग शीट मिळते, वरून अॅल्युमिनियमचा पापुद्रा असलेली. तिच्याऐवजी डांबरी शीट स्वस्तात देऊ केली तर घेऊ नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि उन्हात उभ्या गाडीचा पत्रा त्याहून कितीतरी जास्त तापतो. डांबर सैल होऊन खाली घसरतं आणि गाडीभर वास सुटतो. बाहेरच्या पत्र्यावर स्पीकरच्या बरोबर मागे एक तुकडा लावायचा, आतल्या पत्र्याची भोकं झाकायची, आणि स्पीकरच्या कडेला फोमची पट्टी द्यायची, म्हणजे आवाज पॅनलच्या पोकळीत न फिरता सरळ जाळीतून बाहेर येतो.

दाराच्या अगदी तळाला पाणी निघून जायला बारीक छिद्रं असतात. ती बुजवायची नाहीत. हे मी ठासून सांगतो, कारण माझ्या पहिल्या गाडीत बसवणाऱ्याने तीही बंद केली होती. पहिल्या पावसाळ्यात वळणावर दारातून पाण्याचा चुबुक चुबुक आवाज यायचा आणि तो कशाचा हे मला कळत नव्हतं. दुसऱ्या पावसाळ्यात दाराच्या खालच्या शिवणीला गंज आला. पत्राकाम आणि रंगाला जेवढे पैसे गेले, तेवढ्यात चार चांगले स्पीकर आले असते.

आता स्पीकर. इथे बरेच जण मनापासून चूक करतात. कंपनीचा स्पीकर दिसायला दरिद्री असतो: प्लास्टिकची चौकट, कागदी कोन, छोटंसं मॅग्नेट. तो काढून दुकानातला वजनदार, रबरी कडांचा, रंगीत कोनाचा स्पीकर बसवला जातो, आणि घरी येताना माणूस गोंधळतो, कारण आवाज आधीपेक्षा कमी झालेला असतो. कारण सरळ आहे. कागदी कोन हलका असतो, थोड्या ताकदीतही हलतो. नवा कोन जड असतो, त्याला हलवायला वेगळा अँप (अँप्लिफायर) लागतो आणि डेकमध्ये तेवढा जोर नसतो. खोक्यावर वॅटचा आकडा मोठा असतो, पण तो स्पीकर किती सहन करेल एवढंच सांगतो. किती वाजेल ते सांगणारा आकडा बारीक अक्षरात मागच्या बाजूला असतो. त्याला सेन्सिटिव्हिटी म्हणतात आणि तो डेसिबलमध्ये असतो. ८७ चा स्पीकर काढून ९० चा लावला तर विकत न घेता दुप्पट वॅट मिळाल्यासारखं आहे. ९३ चा मिळाला तर चौपट. अँपशिवाय चालवायचं असेल तर ९० च्या खालचा स्पीकर मी तरी घेणार नाही. काही स्पीकर ४ ऐवजी ३ ओहमचे असतात. ते डेकमधून जास्त करंट ओढतात, जोरात वाजतातही, पण उन्हाळ्यात लांबच्या प्रवासात डेक किती तापतो याकडे लक्ष ठेवावं लागतं.

मागच्या सीटचंही बोललं पाहिजे. ध्वनीचे शौकीन सांगतात की सगळे पैसे पुढच्या दोन दारांत घाला, गाणं समोरून यावं. एकट्याने गाडी चालवणाऱ्याला ते बरोबर आहे. आपल्याकडची छोटी गाडी मात्र कुटुंबाची असते आणि म्हातारी माणसं मागे बसतात. खालच्या मॉडेलमध्ये मागच्या दारांत बरेचदा फक्त प्लास्टिकची जाळी असते, आत स्पीकरच नसतो. मग मागे ऐकू यावं म्हणून पुढचे दोघं कान किटेस्तोवर आवाज सोसतात. आर्वीच्या गाडीतही हेच होतं. मागे साध्यातली एक जोडी टाकली आणि डेकमधल्या फेडरने आवाज थोडा मागे सरकवला, तर पुढे कमी लावूनही आईंना शब्द कळतात. भजनात शब्दच कळले नाहीत तर उरलं काय?

खर्च असा झाला. पुढच्या जोडीला साडेतीन हजारांच्या आत, मागच्या जोडीला दोन हजारांच्या थोडं वर, पुढच्या दोन दारांच्या शीटला सुमारे दोन हजार, आणि रिंगा, कप्लर, मजुरी मिळून उरलेले. दुकानागणिक हे दर हलतात, पण दहा हजारांत काम बसतं. कप्लरचे दोन-तीनशे रुपये वाचवू नका. कप्लर असला की कंपनीची वायर न कापता जोडणी होते, आणि गाडी वॉरंटीत असेल तर कापलेल्या वायरवरून नंतर होणारा वाद टळतो. स्पीकरखालची रिंग साध्या एमडीएफची असेल तर पावसाळ्यात फुगते. प्लास्टिकची घ्या, नाहीतर रंग मारलेल्या प्लायची.

जोडणी झाल्यावर पेन्सिल सेलने तपासून घ्या. सेलचं धन टोक स्पीकरच्या धन तारेला आणि ऋण टोक ऋण तारेला क्षणभर टेकवलं की कोन बाहेर यायला हवा. एका बाजूचा बाहेर आणि दुसऱ्या बाजूचा आत जात असेल, तर डाव्या-उजव्याची भांडणं लागलेली आहेत आणि खर्ज पुन्हा नाहीसा होणार. चांगल्या चांगल्या फिटरकडून घाईत हे राहून जातं.

एक उपाय फुकटचा आहे आणि खरं तर सगळ्यात आधी तोच करायला हवा. फोन ब्लूटूथने जोडला असेल तर फोनचा आवाज पूर्ण ठेवा आणि कमी-जास्त डेकवर करा. मग इक्वलायझर उघडून बास शून्यावर आणा. बास ६ ने वाढवला की त्या सुरांसाठी डेककडे चौपट ताकद मागितली जाते. ती त्याच्याकडे नाही, म्हणून तो निम्म्यावरच फाटू लागतो. आणि फाटलेला आवाज बराच वेळ चालू राहिला तर ट्वीटरची बारीक तार जळते. बास खाली आणला की डेक आणखी चार-पाच घरं वर नेता येतो. आर्वीकरांच्या गाडीत तो ८ वर होता. एवढ्या एका बदलाने त्यांचा चेहरा खुलला, तेव्हा अजून एकही स्क्रू काढला नव्हता.

अँप कधी लागतो? येळाकेळीवरून समृद्धीवर चढून दर आठवड्याला नागपूर किंवा संभाजीनगर करणाऱ्याला लागू शकतो. काँक्रीटवर शंभराच्या पुढे टायरचा घोष एकसारखा आत येतो आणि त्यात हळू गाणं बुडून जातं. पण त्यालाही मी आधी दाराचं रबर, म्हणजे बिडिंग, बघायला सांगतो. दहाची नोट दाराच्या फटीत धरून दार लावा आणि ओढा. सहज निघून आली तर तिथून वारा आत येतो आहे. बिडिंग बदलून बाहेरचा गोंगाट जेवढा कमी होईल, तेवढा आवाज आपोआप वाढल्यासारखा वाटेल. एवढं करूनही अँप घ्यायचाच असेल, तर स्पीकरच्या तारांवरूनच सिग्नल घेणारा छोटा चार चॅनलचा अँप घ्या, म्हणजे कंपनीचा डेक तसाच राहतो. वायर शुद्ध तांब्याची मागा. वरून तांब्याचा मुलामा आणि आत अॅल्युमिनियम असलेली वायर त्याच जाडीत कमी करंट वाहते आणि तापते. बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज असलाच पाहिजे. इंजिनाकडून आत येताना वायर पत्र्याच्या भोकातून जाते, तिथे रबरी ग्रोमेट नसेल तर धक्क्यांनी वायरचं आवरण घासलं जातं आणि फ्यूज नसलेली गाडी पेटू शकते. फ्यूज 'नंतर टाकू' म्हणणाऱ्याकडून गाडी तशीच परत आणा.

आवाज किती असावा, यावर माझं ठाम मत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तर कानाला धोका नाही. पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते आणि ९० डेसिबलला आठवड्याचे चारच तास उरतात. रोज वर्धा-नागपूर ये-जा करणाऱ्याचे ते दोन दिवसांत संपतात. दुसरी गोष्ट आपल्या गावाची. सेवाग्राम आणि सावंगी या दोन्ही मोठ्या रुग्णालयांकडे यवतमाळ-चंद्रपूरकडूनही रुग्ण येतात, आणि त्या रस्त्यांवर मागून येणारी रुग्णवाहिका ऐकू आलीच पाहिजे. काचा बंद असताना सायरन ऐकू येत नसेल, तर तुमच्या गाडीतला आवाज जास्त आहे. रुग्णालय, शाळा आणि न्यायालयाभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र धरला जातो, तिथे दिवसाची मर्यादा ५० डेसिबलची आहे. तिथून काचा खाली करून गाणी वाजवत जाणाऱ्याला चांगली सिस्टिम लावून देणाऱ्या फिटरनेच दोन शब्द सुनवावेत, असं मला फार वाटतं. गाडीतल्या माणसांना स्वच्छ ऐकू यावं, यासाठीच हा सगळा खटाटोप आहे. दारातली गळती बंद केली की बाहेर जाणारा आवाजही कमी होतो, हा त्याचा मला सगळ्यात आवडणारा भाग.

परवा आर्वीहून पुन्हा फोन आला. ते मोझरीला जाऊन आले. आधी ३० पैकी ३० वर ठेवायचा डेक आता १८ वर असतो आणि आईंना मागे खंजिरीच्या झांजाही वेगळ्या ऐकू येतात. फक्त मागचं डावं दार एका सुराला खडखडतं. कुलपाचा रॉड पत्र्याला लागत असणार. पॅनल काढून त्याला फोमची टेप गुंडाळायला सांगितली आहे. तोवर आई उजवीकडे बसताहेत.