मेटल डिटेक्टर घेताय? आधी स्टीलचं विचारा

मंडळी, आपल्या सांगली-तासगाव पट्ट्यात हळद, बेदाणा, कांदा-लसूण चटणीची छोटी पॅकिंग युनिटं आहेत. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत 35 टक्के अनुदान, कमाल 10 लाख. म्हणजे कोटेशनं आलीच. मेटल डिटेक्टर मात्र निवडला जातो "1 मिलिमीटरचं लोखंड पकडतो" या एका ओळीवर.

अहो, लोखंड पकडणं सगळ्यात सोपं! त्याला चुंबकही पुरतं. निसटते ती चाळणीची तुटलेली स्टेनलेस स्टीलची तार. ती आडवी गेली की उभी, यावरही सापडणं ठरतं. म्हणून विक्रेत्याला स्पष्ट सांगा, आमचाच माल, आमचंच पाकीट, त्यात स्टीलचा नमुना घालून दाखव. मीठ-ओल असलेल्या मालात मशीन उगाच बोंबलतं. मग कामगार सेटिंग उतरवतो, की संपलं! पाकीट अ‍ॅल्युमिनियम फॉइलचं असेल तर तपासणी भरण्याआधीच हवी.

आणि साहेब लोकांनो, अनुदानाच्या फाईलला नुसता मशीनचा फोटो जोडू नका. युनिटवर जा, तुमच्यासमोर स्टीलचा तुकडा टाकायला लावा. पाकीट बाजूला पडलं, तरच सही करा.