अर्ध्या हिशेबाची ‘ग्रीन’ इमारत

सोसायटीच्या सभेत पुनर्विकासाचा ठराव आला की हल्ली कुणीतरी पर्यावरणाचा दाखला देतोच: जुनी इमारत तापते, गळते, वीज खाते, पाडा आणि ‘ग्रीन’ इमारत बांधा. हा हिशेब अर्धाच आहे. नव्या इमारतीचे कमी वीजबिल त्यात धरलेले असते, पण पहिला दिवा लागण्याआधीच तिच्या सिमेंटने आणि पोलादाने हवेत सोडलेला कार्बन धरलेला नसतो. जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात एकट्या सिमेंटचा वाटा सुमारे ७ ते ८ टक्के आहे. भट्टी कशावरही चालवा, चुनखडी भाजली की हा वायू सुटतोच. पाडकामाच्या राडारोड्याबद्दल तर सभेत कुणी अवाक्षर काढत नाही.

पाडण्याऐवजी दुरुस्ती सुचवली की आक्षेप येतो: माणसे राहत असताना एवढे मोठे काम होत नाही. फ्रान्समध्ये बोर्दोला झाले. तिथल्या ग्राँ पार्क वसाहतीत १९६०च्या दशकातल्या तीन इमारती, ५३० घरे. लाकाताँ आणि व्हासाल या वास्तुरचनाकारांनी सहकाऱ्यांसह त्या न पाडता बाहेरून नवा सांगाडा जोडला आणि घरांना प्रशस्त काचबंद सज्जे दिले. थंडीत तेच ऊब धरतात. रहिवाशांना घर सोडावे लागले नाही. २०१९चा मीस व्हान डेर रोह पुरस्कार या कामाला मिळाला.

आपल्याकडे उन्हाशी गाठ आहे. पश्चिमेला खोल छज्जे, गच्चीवर नवा कोबा आणि पांढरे चायना मोझॅक, अर्धीच उघडणारी सरकती खिडकी काढून पूर्ण उघडणारी. माहितीपत्रकात छापण्याजोगे यात काहीच नाही, हे खरे.

काही इमारती पाडाव्याच लागतात. मुंबईत ‘सी-१’, म्हणजे अतिधोकादायक, ठरलेली इमारत वाचवायचा हट्ट कुणी धरू नये. पण ते तपासणीने ठरू द्या. काँक्रीटचा ताजा टवका काढून त्यावर फिनॉल्फ्थॅलिन फवारले की निरोगी भाग गुलाबी होतो, कार्बोनेशन झालेला बिनरंगी राहतो. हा बिनरंगी थर सळईपर्यंत पोचला असेल तर गंजाची काळजी करा. वरच्यावर असेल तर दुरुस्तीला वाव आहे.

खरी गोम चटईक्षेत्रात आहे. पाडले तर वाढीव क्षेत्र, मोठे घर, वर कॉर्पस निधी. दुरुस्ती केली तर वर्गणी. सभासद पाडण्याच्या बाजूने हात वर करतात, यात त्यांचा काय दोष? इमारत टिकवणाऱ्या सोसायटीला मालमत्ता करात सूट आणि स्वस्त कर्ज द्या, मग तोच ठराव पुन्हा मताला टाका.