पान्याआधी टेप!

लडाखचा बेत ठरला की पहिला खर्च मागच्या भारी शॉकॲबवर. दुकानदार बसवून देतो, आपण सीट दोनदा दाबतो, "एकदम कडक!" म्हणतो आणि सुटतो. माझ्या मते सेटिंगशिवाय हा खर्च पाण्यात. वर मागे बसणाऱ्याच्या पाठीशी खेळ!

प्रीलोड वाढवला की स्प्रिंग कडक होते, हा गैरसमज. हूकचा नियम आठवा. स्प्रिंगचा स्थिरांक तोच राहतो, बदलते ती गाडीची उंची.

म्हणून आधी टेप घ्या. मागचं चाक अधांतरी ठेवून ॲक्सलपासून सीटखालच्या खुणेपर्यंत अंतर मोजा. मग डबलसीट, सामानासकट बसून पुन्हा मोजा. फरक म्हणजे सॅग. तो ट्रॅव्हलच्या साधारण ३० टक्के हवा. हिमालयन ४११ चा मागचा ट्रॅव्हल १८० मिमी, म्हणजे सॅग अंदाजे ५५ मिमी. जास्त भरला तर गाडी मागे बसते, पुढचं चाक हलकं होतं, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात! प्रीलोड पूर्ण वाढवूनही भागलं नाही, तर स्प्रिंगच बदलायला हवी. रिबाउंडला हात त्यानंतर, एकेक क्लिक, त्याच रस्त्यावर.

इंजिनिअर म्हणवतो ना आपण? मग बिलाच्या आकड्यापेक्षा टेपवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू या!