मैत्रीची दलाली

आपला माल लोकांपर्यंत पोचवण्यासाठी भांडवलदाराला पूर्वी वृत्तपत्रातील जागा विकत घ्यावी लागे, भिंती रंगवून घ्याव्या लागत, फिरते विक्रेते नेमावे लागत. या प्रत्येकासाठी पैसे मोजावे लागत. आता त्याने याहून स्वस्त मार्ग शोधून काढला आहे. ग्राहकालाच तो विक्रेता बनवतो आणि वेतनाऐवजी बक्षिसाचे आमिष दाखवतो. ‘मित्रांना आणा, भेट मिळवा’ हे आवाहन वरवर पाहता निरुपद्रवी वाटते. त्यामागील अर्थकारण मात्र तपासून पाहिले पाहिजे.

अमेरिकेतील ‘हॅरीज’ या दाढीचे सामान विकणाऱ्या कंपनीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. 2013 मध्ये बाजारात उतरण्यापूर्वीच तिने ई-मेल पत्त्यांची यादी जमवण्यास आरंभ केला. पत्ता नोंदवणाऱ्या प्रत्येकाला एक स्वतंत्र दुवा मिळे. त्या दुव्यावरून पाच मित्रांनी आपले पत्ते नोंदवले तर दाढीचे क्रीम, दहा जणांनी नोंदवले तर रेझर, पन्नास जणांनी नोंदवले तर वर्षभराची पाती मोफत! एका आठवड्यात सुमारे एक लाख पत्ते कंपनीच्या पदरात पडले.

आता हिशेब पाहू. कंपनीच्याच एका संस्थापकाने दिलेल्या माहितीनुसार सुमारे 20 हजार माणसांनी सुमारे 65 हजार मित्र आणले. म्हणजे माणशी सरासरी सव्वातीन. पहिले बक्षीस तर पाचांवर होते! शिवाय दोनशेहून अधिक जणांनी पन्नासांचा टप्पा गाठला होता. तेव्हा साधे अंकगणित सांगते की राबणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिकांच्या हाती काहीही लागले नसावे. चार मित्र आणणाऱ्याचे श्रम शून्य ठरले. ते चारही पत्ते मात्र कंपनीकडेच राहिले.

विडी कामगारांना हा न्याय नवा नाही. वळलेल्या विड्यांपैकी काही ‘खराब’ म्हणून बाजूला काढायच्या, त्यांची मजुरी कापायची आणि त्या विड्याही ठेवून घ्यायच्या, ही कारखानदारांची जुनी रीत. परंतु विडी कामगार संघटित झाला, हजारी दरासाठी भांडला, 1966 मध्ये स्वतंत्र कायदा पदरात पाडून घेऊ शकला. दुवा पाठवणारा ग्राहक स्वतःला कामगार समजतच नाही. मग तो संघटित तरी कसा होणार? या शोषणाचे सामर्थ्य त्याच्या अदृश्यपणात आहे.

श्रमांची ही लूट हा व्यवहाराचा अर्धाच भाग झाला. उरलेला अर्धा अधिक गंभीर आहे. मित्राने पाठवलेले निमंत्रण माणूस स्वीकारतो ते मालाच्या गुणांमुळे नव्हे, तर मित्रावरील विश्वासामुळे. तो विश्वास वर्षानुवर्षांच्या सहवासातून निर्माण झालेला असतो. कंपनीने त्यासाठी कवडीही खर्च केलेली नसते. तरी त्याचे फळ तीच चाखते. भारताच्या 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमती मुक्त, विशिष्ट आणि माहितीपूर्ण असावी असे म्हटले आहे. परंतु निमंत्रण देणाऱ्याला त्यातून काय मिळणार आहे, हेच ज्याला ठाऊक नाही त्याची संमती माहितीपूर्ण कशी म्हणायची?

ही रीत परदेशातच राहिली, असेही नाही. 14 एप्रिल 2017 रोजी, आंबेडकर जयंतीच्या दिवशी, नागपुरात पंतप्रधानांनी ‘भीम’ ॲपसाठी नवे वापरकर्ते आणणाऱ्यांना बोनस जाहीर केला. ही योजना आणि दुकानदारांना द्यायचा परतावा यांसाठी मिळून सहा महिन्यांकरिता 495 कोटी रुपयांची तरतूद होती. ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ असे सांगणाऱ्या महापुरुषाच्या जयंतीदिनी नागरिकांना ‘माणसे आणा, पैसे मिळवा’ असे सांगितले गेले. शासनच दलालीला प्रतिष्ठा देऊ लागले, तर कंपन्यांना दोष कोणी द्यायचा?

यावर एक आक्षेप संभवतो. पक्षाचे कार्यकर्तेही घरोघर फिरून साप्ताहिकासाठी वर्गणीदार मिळवतातच. मग फरक कोणता? फरक मूलभूत आहे. कार्यकर्ता आपल्या मतासाठी दार ठोठावतो. दारातच त्याच्याशी वाद घालता येतो आणि अंक आवडला नाही तर पुढच्या फेरीत त्याला जाबही विचारता येतो. वर्गणी भरणारा वाचक साप्ताहिकाचा आधार असतो. कंपनीच्या यादीतील माणूस हा तिचा कच्चा माल असतो. अर्थात वर्गणीवर कमिशन घेणारा कार्यकर्ता असेल, तर त्यानेही ते उघडपणे सांगितले पाहिजे. जो नियम कंपनीला, तोच आपल्याला.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. बक्षिसाच्या बदल्यात पाठवल्या जाणाऱ्या प्रत्येक निमंत्रणावर, पाठवणाऱ्याला काय मिळणार आहे, हे ठळकपणे नमूद करण्याची सक्ती कायद्याने झाली पाहिजे. टप्प्यांची फसवी शिडी बंद होऊन आणलेल्या प्रत्येक नावामागे मोबदला बांधला गेला पाहिजे. आणि सदस्यनोंदणी वाढवण्यासाठी अशाच बक्षिसांची शिडी उभारावी, अशी सूचना चळवळीत कोणी मांडलीच, तर ती तिथल्या तिथे फेटाळली पाहिजे. बक्षिसासाठी जमलेली माणसे दुसरीकडे मोठे बक्षीस दिसताच निघून जातात. मोर्चाच्या दिवशी रस्त्यावर उभी राहतात ती विचाराने जोडलेली माणसेच.