विश्लेषण : भटका कुत्रा दत्तक घ्यावा का? आणि घरचा कुत्रा सांभाळणे जमेनासे झाले तर?

समाजमाध्यमांवर ‘पिल्लू दत्तक द्यायचे आहे’ आणि ‘आमच्या कुत्र्यासाठी नवे घर हवे’ अशा पोस्ट रोज दिसतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२५ मधील आदेशांनंतर या दोन्ही निर्णयांना कायदेशीर वजनही आले आहे. त्यामुळे ‘इंटरेस्टेड’ अशी कमेंट करण्याआधी काही गोष्टी माहीत असायला हव्यात.

न्यायालयाने काय म्हटले?

दिल्ली आणि लगतच्या भागातील सर्व भटके कुत्रे उचलून निवारा केंद्रांत ठेवावेत, असा आदेश ११ ऑगस्ट २०२५ रोजी दोन सदस्यीय पीठाने दिला. त्यावर देशभर वाद झाला. २२ ऑगस्टला न्या. विक्रम नाथ यांच्या अध्यक्षतेखालील तीन सदस्यीय पीठाने तो बदलला. निर्बीजीकरण आणि लसीकरण करून कुत्रे मूळ जागी सोडावेत, मात्र रेबीज झालेले किंवा आक्रमक कुत्रे सोडू नयेत, असे ठरले. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बस आणि रेल्वे स्थानकांच्या आवारातील कुत्रे हटवून पुन्हा तिथे न सोडण्याचा आदेश आला.

२२ ऑगस्टच्या आदेशातील एका मुद्द्याची चर्चा कमी झाली. प्राणिप्रेमींना महापालिकेकडे अर्ज करून भटका कुत्रा दत्तक घेता येईल. पण तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारी त्यांचीच राहील. म्हणजे ‘जमले नाही तर गल्लीत सोडून देऊ’ हा पर्याय उरत नाही.

दत्तक घेतल्याने प्रश्न सुटेल का?

२०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १ कोटी ५३ लाख भटके कुत्रे होते. एवढ्यांना घरे मिळणे शक्य नाही. संख्या आटोक्यात आणण्यासाठी निर्बीजीकरणच करावे लागेल. दत्तक घेतल्याने एका कुत्र्याचे आयुष्य बदलते, शहराचा प्रश्न सुटत नाही.

शिवाय प्रत्येक कुत्र्याला घर मानवतेच असे नाही. वर्षानुवर्षे एका गल्लीत मोकळा वावरलेला, लोकांनी खाऊ घातलेला मोठा कुत्रा फ्लॅटमध्ये कोंडला तर बिथरू शकतो. घराची खरी गरज असते ती आई नसलेल्या पिल्लांना, जखमी किंवा म्हाताऱ्या कुत्र्यांना आणि मालकाने सोडून दिलेल्या पाळीव कुत्र्यांना.

घेण्याआधी काय तपासावे?

कुत्रा साधारण १० ते १५ वर्षे जगतो. या काळात नोकरी, भाड्याचे घर, लग्न, मूल, परदेशवारी असे बरेच काही बदलते. घरातील सगळ्यांची तयारी आहे का, गावाला गेल्यावर त्याला कोण पाहणार, आजारपणाचा खर्च झेपेल का, हे आधीच ठरवावे. मुंबई, पुण्यासारख्या शहरांत महापालिकेचा परवाना लागतो. रेबीजची लस नियमित द्यावी लागते. सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असे भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. मात्र भाडेकरूने घरमालकाशी आधीच बोललेले बरे.

नव्या कुत्र्याला वेळ देणेही महत्त्वाचे. पहिले तीन दिवस बावरलेले, तीन आठवड्यांत सवय आणि तीन महिन्यांत विश्वास, असा ढोबळ ठोकताळा प्राणिसंस्था वापरतात. पहिल्याच आठवड्यात ‘हा आपल्याला जमणार नाही’ असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते.

सांभाळणे जमेनासे झाले तर?

आधी कारण शोधावे. अचानक गुरगुरणे किंवा घरात घाण करणे यामागे दुखणे असू शकते; पशुवैद्याकडून तपासणी करून घ्यावी. सतत भुंकणे, वस्तू कुरतडणे हे अनेकदा कमी व्यायामामुळे आणि एकटेपणामुळे होते. फिरवण्याची वेळ वाढवून, प्रशिक्षकाची मदत घेऊन फरक पडतो.

तरीही मालकाचे आजारपण किंवा लहान मुलाला असलेला धोका अशी कारणे उरतातच. अशा वेळी नवे घर शोधणे हा गुन्हा नाही आणि बेजबाबदारपणाही नाही. पण ते नीट करावे. निर्बीजीकरण करूनच कुत्रा द्यावा, नाहीतर फुकट मिळालेला जातिवंत कुत्रा पिल्लांच्या धंद्यात वापरला जाण्याची भीती असते. नवे घर स्वतः पाहावे, लसीकरणाचे पुस्तक सोबत द्यावे, काही दिवस चाचणी म्हणून ठेवू द्यावे. तो कधी कोणाला चावला असेल तर ते लपवू नये. पुढच्या घरातही लहान मूल असू शकते.

रस्त्यावर सोडून दिले तर?

प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ नुसार, उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला वाऱ्यावर सोडणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र १० ते ५० रुपये. त्यामुळे कायद्याचा धाक जवळपास नाहीच. घरात वाढलेल्या कुत्र्याला रहदारी, अन्न शोधणे, दुसऱ्या टोळीची हद्द यातले काही ठाऊक नसते. त्याचे निर्बीजीकरण झालेले नसेल, तर काही महिन्यांत त्याच गल्लीत नवी पिल्ले दिसतात.